पंप उघडण्याआधी

बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कूलिंग टॉवरच्या पंपाचं प्रेशर पडलंय, ग्लँड (शाफ्टभोवती भरलेली पाणी अडवणारी डोरी दाबणारा भाग) कितीही आवळली तरी पाणी थांबत नाही आणि बेअरिंग इतकं तापतंय की हात लावू देत नाही, हे कळलं. उघडायचाच आहे, तर आधी हेल्परला एक ताकीद दे. तू पाहिल्याशिवाय सुटलेला एकही भाग डिझेलच्या ट्रेमध्ये जाता कामा नये. भाग धुऊन चकचकीत झाले की पंप का बिघडला हे सांगणारी निम्मी खूण गेलेली असते, आणि मग नवे स्पेअर घालूनही सहा महिन्यांत तेच दुखणं परत येतं.

नुसता स्टार्टर बंद करून भागणार नाही. फ्यूज काढ, पॅनेलला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. सक्शन (पाणी आत येणारी बाजू) आणि डिलिव्हरीचे (बाहेर जाणारी बाजू) व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन प्लग आणि एअर कॉक उघड. पाणी येतच राहिलं तर एखादा व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही गळतोय, असं समज आणि तोवर केसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) नटाला पाना लावू नकोस. शेजारचा पंप त्याच हेडरवर (सामाईक पाइपवर) चालू असेल तर यात जिवाला धोका आहे.

मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा स्पेसर (मधला तुकडा) काढण्याआधी दोन्हीकडच्या हबवर पंचाच्या खुणा कर आणि डायल गेज लावून जुनं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते) लिहून ठेव. हे काम बहुतेक ठिकाणी टाळतात. पण बेअरिंग का तापत होतं याचं उत्तर कित्येकदा इथेच असतं. बेअरिंग हाउसिंगमधलं तेल काचेच्या बरणीत काढ. दुधाळ असेल तर ग्लँडचं उडणारं पाणी ऑइल सीलमधून आत गेलंय. काळं असेल तर ते जळलंय. पिवळी चमकती कणी दिसली तर बेअरिंगच्या गोळ्या धरणारा पितळी केज झिजतोय.

तुझा पंप बॅक पुल-आउट आहे, म्हणजे आतला फिरता भाग मागून बाहेर ओढता येतो, म्हणून केसिंग पाइपलाइनवरच राहू दे आणि मोटरही हलवू नकोस. शेवटचे नट सोडण्याआधी बेअरिंग हाउसिंगला पट्टा घालून चेन ब्लॉकवर वजन घे, मग खालच्या सपोर्टचा बोल्ट काढ. फटीत छिनी मारू देऊ नकोस, गॅस्केटची फेस कायमची जाते. जॅक बोल्ट (आवळले की भाग ढकलून सुटा करणारे) आहेत ते आळीपाळीनं पाव-पाव फेरा आवळत गेलास की असेंब्ली सरळ बाहेर येते.

इम्पेलरचा (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) नट पंप चालताना आवळत जाईल अशाच आट्यांचा असतो. म्हणजे पंप ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं नट फिरवला की तो सुटतो. तरी ड्रॉइंग बघून घे. इम्पेलर अडकला तर पुलरचे हुक व्हेनच्या (पात्याच्या) मागे लाव, पातळ कडेला नाही. गरम करायचाच झाला तर कडेकडून हबकडे झटपट, सगळीकडून सारखा तापव. बंद टोकाच्या नटात मात्र पाणी साठून राहतं. त्यावर ज्योत धरली तर वाफेनं तो फुटू शकतो.

आता बघायचं काय? व्हेनच्या तोंडाशी धातू स्पंजासारखा खाल्लेला असेल तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे सक्शनला दाब कमी पडून पाण्यात होणारे वाफेचे बुडबुडे फुटून धातू खाल्ला जाणं. मग नव्या इम्पेलरआधी सक्शनची गाळणी आणि टॉवरच्या बेसिनमधली पातळी तपास. बाहेरच्या टोकाकडे गुळगुळीत झीज असेल तर पाण्यात वाळू आहे. वेअर रिंग्ज, म्हणजे इम्पेलर आणि केसिंग यांच्यामधल्या झिजण्यासाठीच्या कड्या, नीट वाच. फिरती रिंग एकाच जागी घासलेली आणि स्थिर रिंग सगळीकडून घासलेली असेल तर शाफ्ट वाकलाय. उलट, स्थिर रिंग एकाच बाजूला आणि फिरती सगळीकडून घासली असेल तर पाइपचा ताण केसिंगवर येतोय, किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह दाबून पंप कमी पाण्यावर चालवताहेत. दोन्हींतलं अंतर चार ठिकाणी मोज. 100 मिमीच्या आसपासच्या रिंगा नव्या असताना व्यासात साधारण 0.4 मिमी अंतर असतं. दुप्पट झालं की बदल. तेवढं पाणी आतल्या आत सक्शनला परत जातं, म्हणून प्रेशर पडतं.

डोरीखाली शाफ्टवर बसलेल्या स्लीव्हवरून (नळीवरून) नख फिरव. खाचेत अडकलं तर स्लीव्ह गेली, त्यावर कितीही नवी डोरी भरली तरी पाणी येणारच. ग्लँड आवळून पाणी पूर्ण बंद करायचा हट्टच स्लीव्ह खातो. मिनिटाला 40 ते 60 थेंब पडलेच पाहिजेत, तेवढ्यानंच डोरी थंड राहते. नव्या रिंगांचे जोड एकमेकांपासून 90 अंशांवर ठेव. लँटर्न रिंग (डोरीला पाणी पोचवणारी भोकाची कडी) पाण्याच्या भोकाखाली, पण किंचित ग्लँडच्या बाजूला ठेव; डोरी दबली की ती आत सरकते.

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लाव, 0.05 मिमीच्या वर गेला तर सरळ करून घे. बेअरिंग आतल्या रेसला धरून ओढ. नवं 100 अंशांपर्यंत तापवून बसव, 120 च्या वर नाही, आणि गॅसची ज्योत तर नाहीच. गॅस्केट जुन्याच जाडीचं, नाहीतर इम्पेलरची जागा हलते. केसिंगचे नट समोरासमोरचे आवळ, शाफ्ट हातानं फिरवून बघ, मोटरची दिशा स्पेसर जोडण्याआधी तपास आणि अलाइनमेंट 0.05 मिमीच्या आत आण.

स्लीव्ह तिकडे मिळाली नाही तर आतला-बाहेरचा व्यास, लांबी आणि चावीच्या खाचेचं माप कळव, शक्यतो जुनी स्लीव्हच पाठव. इथल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) करून घेऊ. रिंगची मापं आणि तेलाचा रंगही लिही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा मित्र