काका, माझं एकही काम करून न दिल्याबद्दल आभार

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहिलं म्हणून तुम्ही फोन करून ओरडणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. घरी येऊन आभार मानले असते तर "आभार कसले मानतंस गो, चाय ठेव" म्हणून तुम्ही विषय मिटवला असतात. आता तुम्ही मिनेसोटा सोडून मुलाकडे न्यू जर्सीला गेलात, त्यामुळे मध्येच तोडायला समोर नाही आहात. शिवाय दर वर्षी बर्फ वितळला की आपल्या मंडळींपैकी कुणीतरी जुनी होडी घेतं आणि मला विचारतं, "तुमचं इंजिन कोण बघतं हो?" त्यांनाही एकदाच काय ते वाचायला मिळू दे.

आभार कशाबद्दल, तर तुम्ही माझं एकही काम करून दिलं नाहीत त्याबद्दल.

आमची होडी सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. मागे 25 एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन, हातानं दांडा धरून चालवायचं. वॉलआय या इथल्या माशाचा हंगाम उघडायच्या तोंडावर, ऐन मे महिन्यात, इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली. इंजिन थंड राहावं म्हणून पंप खालून तळ्याचं पाणी ओढतो, वर फिरवतो, आणि त्यातलं थोडं त्या भोकातून बाहेर टाकतो. धार नीट आहे तोवर पंप चालू आहे असं समजायचं. दुकानात विचारलं तर तीन आठवडे थांबा म्हणाले. इथे तळं मोकळं असतं तेच मुळात सहा-सात महिने, त्यातले तीन आठवडे कुणाला परवडतात!

तुम्ही आलात, इंजिनाला एक चक्कर मारलीत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. ते हात त्या संध्याकाळी सुटलेच नाहीत. मी सोलापूरकडची. मासा म्हणजे उजनीचा, आणि तोही ताटात आलेला. पाना हातात धरायचा तो भिंतीवर फडताळ लावण्यापुरता. मला वाटलं होतं तुम्ही बाह्या सरसावाल आणि मी बॅटरी धरून उभी राहीन. झालं भलतंच. बॅटरी तुमच्या हातात देऊ केली तर तीही घेतली नाहीत.

आधी तुम्ही मला त्या भोकात गवत कापायच्या यंत्राचं जाड तंगूस घालायला लावलंत. आत किड्यानं केलेलं मातीचं घर होतं, ते निघालं. धार थोडी वाढली, पण पुरेशी नाही. "बघितलंस? आधी फुकटचा काम, मगे पैशाचा," म्हणालात. मग खालचा भाग उतरवायचा ठरला. गिअरची दांडी सोडवायची, बोल्ट काढायचे आणि पंख्यासकट अख्खं खालचं धूड सरळ खाली ओढायचं. ते निघेना. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "ता काय तुका खाणा नाय. एक बोल्ट रवलो असतलो." खरंच, छोट्या पत्र्याखाली एक बोल्ट लपलेला होता. तुम्हाला तो पहिल्यापासून दिसत होता, हे मी आजही पैजेवर सांगेन.

पंपाचं झाकण उघडलं तेव्हा आतलं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, दिसलं. सहा पाकळ्यांचं. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या, आणि एकीचं टोक गायब. मी नवीन इम्पेलर पिशवीतून काढायला लागले तर तुम्ही थांबवलंत. "तुकडो खंय गेलो?" हा प्रश्न तुम्ही विचारला नसतात तर मी नवं बसवून मोकळी झाले असते, आणि तो रबराचा तुकडा पाण्याच्या वाटेत अडकून इंजिन पुन्हा तापलं असतं. वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशीच तो सापडला. चिमट्यानं ओढून काढला, जुन्या पाकळीला जोडून बघितला, पूर्ण जुळला, तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत.

नव्यांसाठी बाकीचं भराभर सांगते. इम्पेलर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर अर्ध्या चंद्राच्या आकाराची बारकी चावी असते, ती गवतात पडली की रात्र गेली, म्हणून आधी खाली जुनी चादर अंथरायची. इम्पेलरला भांड्याच्या साबणाचा हात लावायचा. दांडा वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत झाकण दाबायचं, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वळतात. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावायचं, पण माथ्यावर अजिबात नाही, नाहीतर तो पूर्ण वर बसतच नाही. गिअर पुढे, मध्ये, मागे असा तिन्ही ठिकाणी पडतो का ते बघूनच बोल्ट आवळायचे. आणि इंजिन पाणी ओढतं त्या भोकांवर नळाच्या पाइपचे रबरी कप लावून नळ सोडल्याशिवाय इंजिनाला किल्ली मारायची नाही, कारण कोरडं फिरलं की रबर काही सेकंदांत जळायला लागतं. किटला जेवढे पैसे पडले त्याहून जास्त काकूंनी पाठवलेल्या घावण्यांची किंमत झाली असती, काकू हिशेब लावत असत्या तर.

पुढचं सगळं त्याच पद्धतीनं झालं. ऑक्टोबरात गिअर ऑइल बदलायचं तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, "आत्ता कित्याक? मे महिन्यात कित्याक नाय?" उत्तर मला शोधायला लावलंत. सील खराब असेल तर आत पाणी शिरतं, तेल दुधाळ होतं, आणि इथल्या उणे तीसच्या थंडीत ते पाणी गोठून फुगलं की गिअरचं घर तडकतं. म्हणून थंडी पडायच्या आत खालचा स्क्रू काढून तेल बघायचं. नवं तेल भरायचं तेही खालूनच, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग खालची नळी काढून चटकन दुसरा, दोन्हींचे वायसर नवे. त्याच वेळी पंखा काढायचा. त्यामागे गुंडाळलं गेलेलं तंगूसच बहुतेक वेळा सील कापतं. माझ्या पंख्यामागे पुढे निघालंच, हिरवट, कुणाचं कोण जाणे. इंजिन हिवाळाभर उभंच ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं.

पेट्रोलवरचं तुमचं भाषण मात्र मला तोंडपाठ आहे, कारण तेवढं एक भाषण तुम्ही दिलंत. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पडून राहिलं की पाण्यासकट तळाशी बसतं. इंजिन पितं ते तळातूनच. मिनेसोटात होडी आणि छोट्या इंजिनांसाठी बिनइथेनॉलचं 91 ऑक्टेन मिळतं, ते घ्यायचं. हंगाम संपताना त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकून इंजिन थोडं चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत, पेट्रोल आणि हवा मिसळते तिथपर्यंत, पोचतं.

हे एवढं सगळं कशासाठी, ते मला मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर कळलं. हे तळं 1,32,000 एकरांचं, म्हणजे पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं, पण सगळ्यात खोल जागी जेमतेम 42 फूट. उथळ परातीत पाणी हिंदकळावं तसं ते वाऱ्यावर उसळतं. तिथे जिग टाकायचं, म्हणजे शिशाच्या गोळीचा गळ आणि त्याला जिवंत मासळी किंवा जळू लावून तळाशी नाचवायचा. पण होडी वाऱ्यानं सरकत राहिली की जिग तिरपं मागे ओढलं जातं आणि तळ सुटतो. म्हणून तुम्ही होडीची पाठ वाऱ्याकडे करून, मागचा गिअर टाकून, स्लोवर हळूहळू मागे जायला लावलंत. स्लोवर इंजिन खोकत असेल, बंद पडत असेल, तर हे जमतच नाही. कार्बोरेटर साफ आहे की नाही ते तंगसाच्या कोनावरून कळतं, हे मला तरी कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

वजनाचा ढोबळ हिशेबही तिथलाच. दर दहा फुटांना आठवा भाग औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम. वारा वाढला तर त्याच्यावर जायचं, तळ लागतोय तोवर हलकंच बरं. रॉडचं टोक पाच-सहा इंच उचलायचं आणि परत खाली न्यायचं, पण तंगूस पूर्ण सैल सोडायचं नाही. मासा घेतो तो जिग पडताना. मी पहिल्यांदा रॉड उंच उंच झटकत होते तेव्हा तुम्ही रॉडच बाजूला ठेवायला सांगितलात आणि नुसतं तंगूस बोटावर घ्यायला लावलंत. आचऱ्याच्या खाडीत तुमच्या वडिलांनी तुम्हाला गरी धरायला शिकवली ती तशीच, असं म्हणालात. खडी लागली की बोटावर कुरकुर येते, चिखल लागला की काहीच येत नाही, नुसतं जड होतं. आणि वॉलआय दर वेळी टक् करून मारतो असं नाही. कधी खाली जाणारं तंगूस मध्येच थांबतं, एवढंच. मी म्हणाले, "तळ लागला वाटतं." तुम्ही पाणी किती खोल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राकडे हनुवटीनं खूण केलीत. तळ अजून चार फूट खाली होता.

पहिला वॉलआय तो. संध्याकाळच्या उजेडात त्याचे डोळे काचेसारखे पांढरे चमकले. ते डोळे अंधुक उजेडासाठीच असतात, म्हणून भर दुपारी ऊन टाकून सावलीत बसायचं आणि सूर्य कलला की गळ काढायचा. कोणत्या मापाचा ठेवायचा आणि कोणता सोडायचा ते राज्याचं मत्स्यखातं ठरवतं, आणि मिल लॅक्सचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी वाचावेत. तो सोडावा लागला. नंतरचे काकूंच्या तव्यावर गेले, आगळ आणि रव्यासकट.

तुमची ओले एव्हिनरूडची गोष्ट इथे टाकल्याशिवाय पत्र पुरं व्हायचं नाही. नॉर्वेत जन्मलेला, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला मेकॅनिक. प्रेयसी बेसला आइस्क्रीम हवं म्हणून तळं वल्हवत ओलांडलं, परत येईस्तोवर आइस्क्रीम वितळलं, आणि त्या रागातून होडीला मागे लावायचं इंजिन सुचलं असं सांगतात. 1909 साली त्यानं ती इंजिनं विकायला काढली, आणि बेसनं जाहिरात लिहिली की वल्ही फेकून द्या. तुम्ही ही गोष्ट हसत सांगायचात आणि संपली की विचारायचात, "वल्ही घेतलंस मा?" 2020 साली त्या नावाची इंजिनं बनायची बंद झाली. माझी वल्ही अजून होडीतच असतात. इंजिन बंद पाडायची लाल दोरीही मनगटाला असते.

आणखी एक. तळ्यावरून निघताना बुडाचं बूच काढून होडी पूर्ण निथळवायची, इंजिन खाली सोडून त्यातलंही पाणी जाऊ द्यायचं. इथे तो कायदाच आहे, कारण मिल लॅक्समध्ये झेब्रा शिंपले नावाचे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले आहेत आणि ते एका तळ्यातून दुसऱ्यात असेच जातात. तुम्ही दुसऱ्यांच्या होड्यांकडेही वाकून बघायचात आणि बूच लावलेलं दिसलं तर जाऊन सांगायचात. तेव्हा मला लाज वाटायची. आता मीच सांगते.

शिशाचे जिग मी संपवत आणले आहेत. ते गिळून लून पक्षी मरतात, म्हणून आता टंगस्टनचे घेते. महाग आहेत, पण त्याच वजनाला लहान दिसतात आणि तळ जास्त खणखणीत लागतो. तुम्ही वापरून बघितले नाहीत अजून. मे महिन्यात या. काकूंनाही आणा. तुमचा टॉर्क पाना माझ्याकडेच राहिला आहे, तोही घेऊन जा, म्हणजे मागितलात तर. आणि येण्याआधी एक लक्षात ठेवा, आता तुम्ही मिनेसोटाचे राहिला नाहीत. लायसन्स बाहेरगावच्या माणसाच्या दरानं काढावं लागेल, आणि ते मी तुम्हाला काढून देणार नाही.

तुमची,
सोळा फुटी होडीवाली