निवासी डॉक्टरांच्या संशोधनासाठी वेळ राखून ठेवावा

महोदय,

शल्यचिकित्सेच्या ३ वर्षांच्या एम.एस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमात निवासी डॉक्टरला आपल्या संशोधनाचा प्रबंध परीक्षेच्या ६ महिने आधी सादर करावा लागतो. रात्रभर अपेंडिक्स आणि अपघाताच्या शस्त्रक्रियांत उभा राहिलेला विद्यार्थी सकाळी वॉर्डातली ड्रेसिंग उरकून जुने केसपेपर धुंडाळत बसतो; पण टाके काढल्यावर रुग्ण पुन्हा फिरकलाच नाही, तर जखम भरली की चिघळली, हे त्याने कुठून लिहावे? या घाईत पैसे घेऊन वाटेल तो शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते, हे मी मार्गदर्शक म्हणून जवळून पाहिले आहे आणि त्याची मनाला टोचणी आहे. आठवड्यातला अर्धा दिवस संशोधनासाठी राखावा आणि रुग्णांच्या फेरतपासणीचा पाठपुरावा करायला प्रत्येक विभागात स्वतंत्र कर्मचारी नेमावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– शल्यचिकित्सेचे एक निवृत्त प्राध्यापक, पुणे