कॅरोलिन कीन नावाची लेखिका नव्हतीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, नॅन्सी ड्रू या अमेरिकन पुस्तकमालिकेतल्या गुप्तहेर मुलीवरचा लेख वाचला. नॅन्सीचे कौतुक योग्यच आहे. पण कॅरोलिन कीन या 'थोर लेखिकेला' घातलेले दंडवत कोणासाठी? ते मुखपृष्ठावरचे टोपणनाव, ही मालिका काढणाऱ्या स्ट्रेटमेयर यांच्या कंपनीचे. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ मिल्ड्रेड बेन्सन यांनी लिहिली. कथानकाचा आराखडा कंपनी पाठवायची, पुस्तक बेन्सनबाई लिहायच्या. सुरुवातीला एका पुस्तकाचे १२५ डॉलर हातावर ठेवायचे, हक्क लिहून घ्यायचे आणि वाच्यता करायची नाही, असा व्यवहार. मंदीत रक्कम ७५ वर आणली तेव्हा त्यांनी नकार दिला आणि मधली तीन पुस्तके वॉल्टर कॅरिग या गृहस्थांनी लिहिली. १९८० मध्ये प्रकाशकांचा वाद न्यायालयात गेला, बेन्सनबाईंनी साक्ष दिली, तेव्हा कुठे खरी लेखिका उजेडात आली. पन्नास वर्षांनी! आणि तुमच्या लेखात त्यांचे नावसुद्धा नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एका प्रकाशकासाठी मुलांच्या रहस्यकथा लिहिल्या. घरातले सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून, फुलस्केप कागदांवर. मुखपृष्ठावर प्रकाशकाने ठरवलेले एका पुरुषाचे नाव. त्याच नावाने आणखी कोण कोण लिहीत होते, हे तिलाही ठाऊक नव्हते. लेखकाची प्रत म्हणून एकही पुस्तक घरी आले नाही. नवी पेठेतल्या दुकानातून तिने स्वतःचेच पुस्तक पूर्ण किंमत देऊन विकत आणले, तेव्हा मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, हे लेखक मुलांना फार आवडतात." अक्का काही बोलली नाही. मला मात्र तिथेच ओरडून सांगावेसे वाटत होते. नव्या आवृत्तीत आपले नाव घालावे म्हणून तिने पत्र पाठवले. उत्तर आले, 'मोबदला दिलेला आहे.'

एका नावाखाली अनेकांनी लिहावे, याला माझा विरोध नाही. मालिका तशाच चालतात. पण लिहिणाऱ्याचे नाव निदान आतल्या पानावर बारीक अक्षरात तरी छापायला काय हरकत आहे?

ता. क. आपल्या बालपुरवणीतल्या परदेशी गोष्टींखाली अनुवादकाचे नाव नसते. त्या गोष्टी आपोआप मराठीत येत नाहीत. पुढच्या रविवारपासून ते छापावे आणि त्याच अंकात मिल्ड्रेड बेन्सन यांच्या नावासह दुरुस्तीही द्यावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर