मुक्ता, गाडी सोडवून घेतलीस का

मुक्ता,

तू पोचल्याचं मला बाबांच्या फोनवरून कळलं, माझ्या फोनवर काही नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. स्टेशनवर पार्सलवाल्याच्या समोर आपण दोघी ज्या सुरात सुरू झालो होतो त्यात तो बिचारा गोणपाटाला सुतळी बांधायचं सोडून आपल्याकडेच बघत बसला होता, आणि बाबा नेहमीसारखे चहा आणायला गेले. तर हे सगळं फोनवरच टाइप करतेय, लांबलं तर दोनदा मिळून वाच, पण वाच. आणि मी ठरवून बसलेय की क्लचबद्दल आज एक शब्द काढणार नाही.

मन्यामामाची ती जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल रेल्वे पार्सलमधून सोडवून घेशील तेव्हा गोणपाट तिथेच काढून बघ, घरी नेऊन नको. फोर्क, हँडल, आणि तो तुझा वर उचललेला सायलेन्सरचा पाइप, त्याला कुठे पोचा पडलाय का. टाकी पूर्ण रिकामी केलीय, रेल्वेवाले त्याशिवाय घेतच नाहीत, कार्ब्युरेटरचा बाऊल पण मीच उघडून काढला, तेव्हा सुरुवातीच्या किका फुकटच जाणार, घाबरून प्लग बदलत बसू नकोस. आणि आधी टाकीत ऑइल ओतून वरून पेट्रोल असलं काही करायचं नाही, डब्यात मिसळ, नीट हलव, मग टाक. लिटरला ४० मिली. पिस्टन नवीन आहे, पहिले पाचशे किलोमीटर तरी ऑइलची कंजुषी नको, धूर झाला तर झाला, शेजारचे काय बोलायचं ते बोलतील. लिव्हर वाकली असेल तर लगेच बदल, डावी तर आधी, क्लचची तीच.

झालं, आलाच क्लच.

आता आलाच आहे तर बोलून घेते. तू म्हणालीस की आई तुला गाडी दिसतच नाही, तुला फक्त मन्यामामा दिसतो. दिसतो ना. का नाही दिसणार? तुला तो हसत हसत सांगतो की जाम गेटच्या उतारावर गिट्टी पडली होती म्हणून घसरलो. गिट्टीबिट्टी काही नव्हती तिथे. अण्णांनी नंतर हेड आणि बोअर, म्हणजे पिस्टनचं सिलिंडर, खोललं तेव्हा मी टॉर्च धरून उभी होते, पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूचं ॲल्युमिनियम बोअरला लिंपल्यासारखं चिकटलं होतं आणि रिंग खाचेतच बसून गेली होती. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त ऑइल पंपाच्या जागी लावलेल्या पत्र्याकडे बघत राहिले. इंजिनला आपोआप ऑइल देणारा तो पंप मामाने मित्रांच्या नादाने काढून टाकला होता, मिक्स पेट्रोलवर चालवायचा. तशात घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद, गिअर टाकलेला, इंजिन गरगर फिरतंय पण पेट्रोलच आत जात नाही, आणि ऑइल तर पेट्रोलबरोबरच येणार. सीज, म्हणजे पिस्टन बोअरमध्येच घट्ट बसला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. त्याच क्षणी क्लच दाबला असता तर चाक सुटलं असतं. पण त्याची बोटं हँडलवर होती.

आणि तू पण पंप परत लावला नाहीस.

तू कारण सांगितलंस ते मला पटलंय, जुना पंप तीस वर्षांनी कधी दगा देईल सांगता येत नाही, मिक्स केलेलं निदान डोळ्यांना दिसतं. मान्य. पण मग उतारावर मधून मधून थ्रॉटल उघडायचा, थोडंसं पेट्रोल आत जाऊ द्यायचं, आणि दोन बोटं क्लचवर. कायम. चढावर असो, सपाटीवर असो. आवाज एकदम बारीक, टणटणीत व्हायला लागला किंवा गाडी आपोआप ओढ सोडतेय असं वाटलं की आधी क्लच, मग विचार.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू स्वतः इंजिन उभं फाडून परत जोडलंस आणि मी तुला लिव्हर कशी धरायची ते सांगतेय.

खरं सांगू का, मला तुला हे सांगायचंच नव्हतं, दुसरंच सांगायचं होतं. रामबागेच्या घरातल्या जिन्याखालून तू ती गाडी ओढून बाहेर काढलीस तेव्हा मी वरच्या गॅलरीत होते. चाकं फिरत नव्हती, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. आजी म्हणाली भंगारवाल्याला दे. मला वाटलं चार दिवसांची हौस आहे, हौ हौ करत राहू. मग तू क्रँककेस उघडून दोन्ही बाजूंची ऑइल सील माझ्या हातात दिलीस, दगड झाली होती, नखाने तुकडा पडत होता, आणि म्हणालीस की इथून हवा आत घेत असणार, म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त पेट्रोल कमी, म्हणजे गरम, म्हणजे मामा. तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. इतकी वर्षं मी सगळं त्या पंपावर ढकलत होते. सील हे कारण मला कधी सुचलंच नव्हतं, आणि अण्णांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मी.

अण्णांचं ते बोअरिंगचं दुकान तू कधी पाहिलं नाहीस. सियागंजातून आत गेलं की डाव्या हाताला, आता तिथे काहीतरी ड्रायफ्रूटचं आहे. शाळा सुटली की मी तिथेच. स्कूटरची, राजदूतची, येझदीची बोअरं रांगेने लावलेली असायची, आणि १९८५ नंतर आरएक्स हंड्रेडची यायला लागली, त्यांना अण्णा फार जपायचे. म्हणायचे, पन्नास मिलीमीटरचं भोक आहे पण अकरा घोडे आहेत त्यात. बोअर केल्यावर दुसरे मिस्त्री पुसून देऊन टाकायचे, अण्णा मात्र बारकी अर्धगोल कानस घेऊन बोअरमधल्या प्रत्येक पोर्टची, म्हणजे पेट्रोल-धूर जायच्या भोकाची, कड मारत बसायचे, मग करंगळीचं नख वरून खाली फिरवायचे, नख अडकलं की परत. गिऱ्हाईक बाहेर बोंबलत असायचं. कड तशीच धारदार राहिली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते हे त्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार.

आणि तू आपल्या व्हरांड्यात बसून ०.५० ओव्हरसाइजचं बोअर मांडीवर घेऊन नख फिरवत होतीस. तुला कोणी शिकवलं? मी नाही. मी तर स्वयंपाकघरात जाऊन उगाच पोहे धुवायला घेतले. रिंगची दोन टोकं खाचेतल्या पिनवर बसवताना तू श्वास धरला होतास, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना ते तीनदा बघितलंस, बाबांनी फोटो काढला तर त्यांच्यावर ओरडलीस. तो फोटो मी मन्यामामाला पाठवला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आला, सराफ्यातली जलेबी घेऊन, पाय ओढत जिना चढला आणि आरसी तुझ्या हातात दिली.

एक्झॉस्ट पोर्ट वर उचलून पॉवर वाढवायचा मोह तुला झाला नाही, ह्याचं मला फार बरं वाटलं. तुझ्या त्या मित्राने किती डोकं खाल्लं होतं. पण तू म्हणालीस की मला रेस ट्रॅकवर नाही जायचं, दगडमातीत खालच्या आरपीएमला ओढ पाहिजे, वरची पॉवर काय चाटायचीय. मागचं स्प्रॉकेट मोठं केलंस, मोठ्या गुट्ट्यांचे टायर, पुढे लांब फोर्क, बस. सगळी डोकी एवढी सुधारली असती तर अण्णांचं दुकान निम्मं रिकामं राहिलं असतं!

आणि पाइपची ती गोष्ट. जेवताना तू सांगत होतीस, की फुगलेल्या भागातून दाबाची लाट पुढे जाते, निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये मागे ढकलते, म्हणजे व्हॉल्व्ह नसून व्हॉल्व्हचं काम. हे जमवणारा पूर्व जर्मनीच्या एमझेड मोटरसायकल कंपनीचा इंजिनिअर वाल्टर काडन, आणि त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर, जो १९६१ मध्ये स्वीडनच्या रेसनंतर पळून गेला आणि ती सगळी विद्या सुझुकीला मिळाली, १९६२ ला तो त्यांच्याकडून ५० सीसीत वर्ल्ड चॅम्पियन पण झाला. तू हातवारे करून पाइपबद्दलच सांगत होतीस पण माझं लक्ष एवढ्यावरच अडकलं की त्याची बायको आणि मुलं गाडीच्या डिकीत लपून सीमा पार झाली. मुलं रडली असती तर? तू म्हणालीस आई हा मुद्दा नाहीये. मला तोच मुद्दा वाटला.

आता कागदांचं. गाडी एमपी ०९, म्हणजे इंदूरची आहे, पुण्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असशील तर नंबर बदलायला लागतो आणि त्याला इथल्या आरटीओची एनओसी लागते, बाबा बघतायत. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवावं लागतं, आपलं २०२८ पर्यंत आहे, त्याची चिंता नको. चिंता त्या पाइपची आणि फोर्कची आहे. कंपनीने दिली तशीच गाडी रस्त्यावर चालली पाहिजे असं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, सुप्रीम कोर्टाने २०१९ ला परत तेच सांगितलंय. म्हणजे मातीपर्यंत टेम्पोत घालून ने. चालवत नको नेऊस. तू म्हणशील सगळे नेतात. सगळ्यांच्या आयांना मी पत्र लिहीत नाहीये.

आणि ताम्हिणीचं काय ते मला खरं सांग. बाबांकडून कळलं की ऑफिसमधली मुलंमुली मिळून पावसाळ्यानंतर ताम्हिणी उतरून खाली कोकणात जायचं चाललंय. ह्याच गाडीवर? तो उतार मी बघितलाय, शरूमावशीच्या गाडीतून गेलो होतो तेव्हा, ती गप्पा मारत होती आणि मी वळणं मोजत होते. मी नको म्हणत नाहीये. पण तू आधी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, थ्रॉटल बंद करून क्लच दाबायची सवय करशील का, इतकी की डोक्याला विचारायची गरजच पडू नये? पाच मिनिटं रोज. हसू नकोस. अण्णा पोरांना गाडी देताना हेच करून घ्यायचे, फक्त मामा घरचा म्हणून त्याच्याकडून कोणी करून घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्लग काढून फोटो पाठव. चॉकलेटी हवा. पांढरा असेल तर गाडी जागची हलवायची नाही, सरळ मला फोन, रात्रीचे बारा का असेनात.

मामा अनंत चतुर्दशीला मला ह्याच गाडीवर झांकी, म्हणजे चित्ररथ, बघायला न्यायचा, गिरण्यांच्या झांक्या, मालवा मिलची कधी येते म्हणून आम्ही पहाटेपर्यंत जागायचो, आणि येताना रिकाम्या रस्त्यावर तो अशी सोडायचा की मी डोळे मिटून घ्यायचे. ओरडायचे त्याच्यावर, पण उतरावंसं कधी वाटायचं नाही. आता मी पुढे बसले तर जमेल का कोणास ठाऊक. दिवाळीला आलीस की एकदा देशील का? बायपासला नाही, आपल्या गल्लीतच.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात जीरावन मसाला आणि लसणाची शेव आहे, शेव आधी संपव. जुना सायलेन्सर मी फेकलेला नाही, घासून, तेलाचा हात फिरवून पेपरात गुंडाळून ठेवलाय, मडगार्ड पण. कुरिअरवाला उद्या येतोय, रूमचा पत्ता पिनकोडसकट टाक, मागच्या वेळी तू फ्लॅट नंबरच लिहिला नव्हतास.

आई