एका घरात घडणारे थरारपट गोव्यात का नकोत?

महोदय,

गोव्यात चित्रीकरण म्हटले की किनारा, नारळाची झाडे आणि नाचगाणी एवढेच डोळ्यांसमोर येते. कमी खर्चातल्या मानसशास्त्रीय थरारपटांना यातले काहीच लागत नाही. १९६९ च्या ‘इत्तेफाक’मध्ये एकही गाणे नव्हते आणि बहुतेक कथा एका रात्रीत, एका घरात घडते. १९९९ च्या ‘कौन’मध्ये तर पाऊस, एकाकी बंगला आणि तीनच पात्रे. दारावरची बेल वाजते तेव्हा आपणही खुर्चीत आक्रसतो, आणि त्या बेलेला कितीसा खर्च येतो?

आपल्याकडे सत्तरी, सांगे भागात वर्षानुवर्षे बंद असलेली चौसोपी घरे आहेत. जुलैतली वीज गेलेली रात्र, छपराच्या नळ्यांतून माजघरात ठेवलेल्या तांब्यात टपटपणारे पाणी. भीती याहून वेगळी काय उभी करायची? आणि नट? कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत एकाच नेपथ्यावर दोन तास प्रेक्षक धरून ठेवणारे कलाकार गावोगावी आहेत. मात्र संहिता घट्ट हवी आणि ध्वनीवर हात आखडता घेऊ नये. असे चित्रपट फसतात ते बहुधा इथेच.

२००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. राज्याच्या चित्रपट अर्थसाहाय्य योजनेत एकाच स्थळी घडणाऱ्या अल्पखर्ची मराठी व कोंकणी चित्रपटांसाठी वेगळा विभाग ठेवावा, आणि त्यात संहितालेखनालाही पैसे द्यावेत, ही कळकळीची विनंती.

— एक नाट्यरसिक, डिचोली