गुळाचा चहा म्हणजे पथ्य नव्हे

महोदय,

पुण्यात चौकाचौकांत ‘गुळाचा चहा’च्या पाट्या दिसतात. पण गुळातही ८० टक्क्यांहून अधिक साखरच असते. मधुमेह्यांनी भुलू नये. चवीसाठी घालायचाच, तर दुधाचा चहा उकळून गॅस बंद करावा आणि मिनिटभराने किसलेला गूळ ढवळावा. उकळत्या चहात टाकला की गुळातल्या आम्लतेने दूध फाटते, अन् दोष मात्र दूधवाल्याला! पिवळाधमक गूळ टाळावा. तो बहुधा रसायनाने उजळवलेला असतो. अर्धा लिटर दुधाच्या खिरीला आठ बिनबियांचे खजूर कोमट दुधात अर्धा तास भिजवून, वाटून शेवटी घालावेत. साखर लागत नाही, चोथाही पोटात जातो.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे