ओठातील चकती आणि आपले मथळे

संपादक महोदय,

इथिओपियातील ओमो नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या मुर्सी स्त्रियांची छायाचित्रे आपल्याकडे ‘विचित्र प्रथा’ अशा मथळ्याखाली छापली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलगी साधारण १५-१६ वर्षांची झाली की तिची आई किंवा वस्तीतील दुसरी बाई तिचा खालचा ओठ छेदून त्यात लाकडी खुंटी बसवते. जखम भरल्यावर क्रमाक्रमाने मोठ्या खुंट्या घालत ओठ ताणला जातो आणि अखेर त्यात मातीची भाजलेली चकती मावते. ओठ किती ताणायचा, हे बरेचदा ती मुलगीच ठरवते. मुर्सींच्या लेखी ही चकती वयात आल्याची खूण आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून वाचण्यासाठी स्त्रियांनी स्वतःला कुरूप केले, या लोकप्रिय कथेला ठोस आधार नाही; ब्राझीलमधील कायापो जमातीत तर ओठात चकती पुरुष घालतात, आणि ॲमेझॉनच्या जंगलासाठी झगडणारे त्यांचे वयोवृद्ध नेते राओनी मेतुक्तिरे तिच्यासकट जगभर वावरले आहेत. मुर्सींच्या वस्त्यांत पर्यटक पैसे मोजून छायाचित्रे काढतात. निदान वृत्तपत्रांनी तरी छायाचित्राखाली जमातीचे नाव आणि त्या स्त्रीचे म्हणणे द्यावे, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, नाशिक